चौदांतले तिघे

३ ऑक्टोबर, मंगळवार

३० सप्टेंबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे: 'सहा किंवा त्याहून जास्त गुण असलेले चौदाच्या चौदा रुग्ण दगावले. प्रत्येकाची खात्री केली.' यातलं दुसरं वाक्य खोटं आहे. त्यामुळे पहिलं खरं की खोटं, तेही मला सांगता येत नाही. खात्री मी नऊ जणांची केली, त्यांचे मृत्यूचे दाखले पाहिले. उरलेले पाच मला सापडले नाहीत. न सापडणं आणि मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्ता पुरा झाल्याच्या आनंदात मी त्या एक करून टाकल्या.

जुनं वाक्य तसंच ठेवून त्यावर एक रेघ मारली आणि बाजूला आजची तारीख घातली. बापाकनी, माझ्या वडिलांनी, मला असंच शिकवलंय. चूक झाकायची नाही, ती वाचता आली पाहिजे. ते चहाच्या मळ्यावर पानं तोलायचे. तिथून शाळा दूर, म्हणून अकरा वर्षांची होईपर्यंत मी त्यांच्याकडेच शिकले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

पुढे घोळ नको म्हणून सगळं एकदा नीट लिहिते. गेल्या तीन वर्षांत हृदयविकाराचा तीव्र झटका येऊन, रक्तदाब पार कोसळलेल्या अवस्थेत आमच्या जिल्हा रुग्णालयात एकशे बारा माणसं आली. पहिल्या तासात त्यांचं जे रक्त घेतलं, त्यातले चार आकडे आम्ही काढले: लॅक्टेट, क्रिएटिनिन, साखर आणि पांढऱ्या पेशींचं प्रमाण. डॉक्टर हार्योंनी प्रत्येक आकड्याला शून्य, एक किंवा दोन गुण ठरवले. गुण जितके जास्त तितकी आशा कमी. जास्तीत जास्त आठ. प्रयोगशाळेतल्या जुन्या वह्यांमधून आकडे काढणं आणि सहा महिन्यांनंतर कोण जिवंत होतं ते शोधणं हे माझं काम.

यातून एक कार्ड तयार झालंय. ते सोमवारी, २३ तारखेला, तातडीच्या विभागाच्या भिंतीवर लागेल. सहा किंवा वर गुण आले तर रुग्णाला सेमारंगच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं नाही, इथंच त्याच्या वेदना कमी करायच्या. श्वासाचं यंत्र असलेली रुग्णवाहिका आमच्याकडे एकच आहे आणि जायला तीन तास लागतात. गेल्या वर्षी १४ मार्चला आठ गुणांच्या एका माणसाला घेऊन डॉक्टर हार्यो स्वतः गेले होते. त्याच वेळी डोंगरावरच्या एका गावात बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. गाडी परत येईपर्यंत ती संपली होती. डॉक्टर म्हणतात, "त्या दिवशी मी दोघांनाही घालवलं." कार्ड तिथून सुरू झालंय.

५ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांना पाच जणांबद्दल सांगितलं. ते शांत होते.

"सहा महिन्यांत सापडला नाही तो गेला असं धरायचं," ते म्हणाले. "जिवंत धरलं तर आपणच आपली पाठ थोपटून घेतो. नाही का?"

हे मला प्रामाणिक वाटलं. मग त्यांनी कार्डाचा नमुना दाखवला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: तक्ता, वेनिंग पालुपी. ते मी चार वेळा वाचलं. हा अहंकार आहे, म्हणून नोंदवून ठेवते.

आणखी एक. पाचांपैकी चौघांचे फोन लागले होते. "इथं त्या नावाचं कुणी नाही," असं म्हणून लोकांनी फोन ठेवला. दोघांनी तर माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. खरं लिहायचं तर, फोन ठेवला गेला की मला हायसं वाटायचं. घरातलं माणूस गेलं का, असं परक्याला कसं विचारायचं ते मला आजही जमत नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

दहाच्या सुमाराला बाह्यरुग्ण विभागाकडून एक नमुना आला. दाढ काढायची होती म्हणून दंतवैद्याने रक्तगटासकट सगळ्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. नाव वालुयो, वय अठ्ठावन्न, गाव वातुगेदे. रक्तगट एबी, ऱ्हीसस निगेटिव्ह.

मी तीनदा तपासला. हा गट मी इथं याआधी एकदाच पाहिलाय, आणि तो माणूस माझ्या तक्त्यात आहे. क्रमांक ३७, आठ गुण. वय तेव्हा छप्पन्न, गाव वातुगेदे. न सापडलेल्या पाचांपैकी एक.

मी हातमोजे काढले आणि खाली गेले. रक्त दिलेली माणसं बाकावर कोपर दुमडून बसतात, त्यांत एक जाड भुवयांचा माणूस होता. शेजारी बायको, तिच्या पायाशी टोफूच्या रिकाम्या टोपल्या. बाजार उरकून आले असावेत. मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "पाक ▇▇▇▇▇▇ ना तुम्ही?"

माणसाने छातीवर हात ठेवला. त्याचा चेहरा उतरला. बायको उठून आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"कुणाला हाक मारताय, म्बाक?"

"मी प्रयोगशाळेतली. वहीत यांचं नाव..."

"वहीत असेल. इथं नाही. हे पाक वालुयो आहेत, आणि मी बू सुमिराह. पुन्हा ते नाव घेऊ नका. नि इथं, या इमारतीत, तर नाहीच नाही."

"पण गेल्या वर्षी मार्चमध्ये..."

"मार्चमध्ये कुणीतरी आलं असेल. ते गेलं. हे राहिले." तिने टोपल्या उचलल्या. "चला हो. दाढ राहू दे, एका बाजूनं चावा."

तो जाताना माझ्याकडे बघून ओशाळवाणा हसला. रागावलेला दिसला नाही. मी मात्र दुपारपर्यंत एकही आकडा नीट वाचू शकले नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

बू तुतिक आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत. इथं तीस वर्षं झाली त्यांना. त्यांना सगळं सांगितलं. त्या सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता ऐकत होत्या.

"जावामध्ये जन्मलीस ना तू?"

"हो, बू."

"की बापाने पुस्तकातून काढली तुला? अगं, माणूस मरणाच्या दारातून परत आला की घरचे त्याचं नाव बदलतात. नाव जड झालं म्हणतात. या तुझ्या माणसाच्या नावात तर अख्खं राज्य होतं. टोफू विकणाऱ्यानं एवढं ओझं वाहायचं कसं? मग लाल-पांढरी खीर करायची, गल्लीत वाटायची, नवं नाव सांगायचं. जुन्या नावाला त्यानंतर ओ द्यायची नाही. आजार ते नाव ऐकून परत येतो."

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"माझा विश्वास खिरीवर आहे. चांगली लागते."

मग त्यांनी डोळा वर केला. "आणि तू त्यांना फोन करून, रुग्णालयातून बोलतेय म्हणून, तेच नाव घेत होतीस?"

आमच्या घरात यातलं काही होत नाही. बापाक अशा जेवणांना जात नाहीत, मलाही कधी पाठवलं नाही. मला माहीत नव्हतं ही सबब खरी आहे, पण पुरेशी नाही. मी विचारलं का नाही?

घरी आल्यावर नीट विचार केला. ज्यांना साधा झटका आला, चार दिवसांत जे घरी गेले, त्यांनी नाव बदललं नाही. ते फोनवर सापडले. जो जितका मरणाजवळ जाऊन आला, त्याचं नाव तितकंच बदललेलं असणार. म्हणजे ज्यांच्यासाठी हे कार्ड आहे, नेमकी तीच जिवंत माणसं माझ्या तक्त्यातून निसटणार.

कालच्या नोंदीतलं जुनं नाव मी शाईने पूर्ण काळं केलं. बापाकच्या नियमाविरुद्ध केलेली ही माझी पहिली खाडाखोड.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बू तुतिक म्हणतात, आजच डॉक्टरांना सांग. मी नाही म्हटलं. एका माणसावरून मी पुन्हा घाईने वाक्य लिहिलं तर तीच चूक दुसऱ्या बाजूने होईल. आधी पाचही जणांचा शोध घ्यायचा, मग बोलायचं. हेच योग्य आहे. शनिवार-रविवारी जाईन. कार्ड २३ ला लागणार आहे, वेळ आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

स्कूटरवरून दोन गावं झाली. या वेळी कुणाचंही नाव घेतलं नाही. विचारायचे ते एवढंच: "रुग्णालयातून परत आल्यावर लाल-पांढरी खीर कुणी वाटली होती का?"

पहिल्या गावात एका म्हातारीने मला खालून वर न्याहाळलं. "खीर? वाटायला आलीयस की मागायला?"

"विचारायला, आजी."

"आमच्याकडं जावयानं मोटारसायकल घेतली तरी खीर वाटतात. कुठली पाहिजे?"

तिथं अर्धा तास गेला. पण दुसऱ्या बाईने अचूक घर दाखवलं. क्रमांक ६१, निवृत्त पोलीस, सहा गुण. कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत होता. मी त्याला नव्या नावाने हाक मारली. त्याने मला चहा दिला आणि सेमारंगच्या डॉक्टरांनी हृदयात घातलेल्या जाळीची किंमत तीन वेळा सांगितली.

दुसऱ्या गावातला माणूस खरोखरच गेला होता. एकविसाव्या दिवशी. तिथं घरच्यांनी त्याचं नाव स्वतःच घेतलं, कुणी दचकलं नाही. मुलगी म्हणाली, "वडिलांचा फोन आम्ही तेव्हाच विकला." मी तिची क्षमा मागितली. का, ते तिला कळलं नसावं.

१५ ऑक्टोबर, रविवार

क्रमांक ८८ जिवंत आहे. शाळेत स्वयंपाक करायची, सात गुण. आता नातवंडं सांभाळते. पाचव्याच्या घराला कुलूप. सगळे सुमात्राला गेले म्हणतात. त्याच्यापुढे मी 'माहीत नाही' लिहिलं. हे दोन शब्द आधीच लिहायला हवे होते.

परतताना वातुगेदेला गेले, बू सुमिराहची माफी मागायला. तिने आधी टोफू तळून पुढ्यात ठेवला, मग बोलली.

"गाडीत काय झालं ते यांना काहीच आठवत नाही. मी पुढे बसले होते. चष्मेवाले डॉक्टर मागं, हात यांच्या छातीवर. तीन तास एक शब्द बोलले नाहीत. घाटात एकदा फक्त म्हणाले, हळू. मला त्यांना टोफू द्यायचा होता. पण रुग्णालयात जाऊन काय सांगू, कुणाची बायको म्हणून?"

घरी येऊन रुग्णवाहिकेची वही मी केलेल्या नकलेत पाहिली. १४ मार्च. तीच फेरी. ज्या फेरीमुळे बाळंतीण गेली, त्या फेरीतला माणूस जगला आहे, आणि डॉक्टरांना ते माहीत नाही. ही बातमी त्यांना मी देणार याचा मला आनंद होतोय.

आणखी एक गोष्ट वहीत दिसली. चौदांपैकी सहा जणांना सेमारंगला पाठवलं होतं. जिवंत तिघंही त्या सहांतले आहेत. न पाठवलेल्या आठांतलं कुणी जिवंत सापडलेलं नाही. याचा अर्थ काय ते डॉक्टर ठरवतील. मंगळवारी ते रजेवरून परत येतात.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी नऊला तातडीच्या विभागातून नमुना, हृदयविकाराचा झटका, रक्तदाब कोसळलेला. बू पार्तिनाह, एकसष्ट वर्षं. फाटकासमोर नूडल्सची गाडी लावतात त्या. मी त्यांच्याकडे कितीदा खाल्लंय. लॅक्टेट ८.४.

तरुण डॉक्टर बागस ड्यूटीवर होते. त्यांचा फोन आला. "म्बाक वेनिंग, कार्डाप्रमाणे किती?"

"कार्ड अजून लागू नाही, डॉक्टर."

"कार्डाचा नमुना टेबलावर पडलाय. किती?"

मी म्हटलं, "सात."

"मग इथंच ठेवतो."

मी फोन हातात धरून होते. तीन माणसं जिवंत आहेत, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ते डॉक्टर हार्योंना आधी सांगायचं ठरलं होतं, आणि पाचव्याचा पत्ता लागला नव्हता. पलीकडून फोन ठेवला गेला.

रुग्णवाहिका दिवसभर आवारात उभी होती. दुपारी ड्रायव्हरने ती धुतली. तीन वाजून दहा मिनिटांनी बू पार्तिनाह गेल्या.

त्या सेमारंगला वाचल्याच असत्या असं मी लिहू शकत नाही. वाटेतही गेल्या असत्या. सहांतले तिघे, म्हणजे निम्मेच. पण निम्मे म्हणजे कुणीच नाही असं नव्हे, हे मला कालपासून माहीत होतं. एका माणसाबद्दल तर आठवडाभर.

बू तुतिकनी माझ्या वाटचे नमुने स्वतः तपासले.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टर हार्योंच्या खोलीत पावणेआठला गेले. उभ्यानेच बोलले, नाहीतर बोलले नसते.

"चौदांतले तिघे जिवंत आहेत, डॉक्टर. एक माहीत नाही. दहा गेले."

"कोण तिघे?"

"३७, ६१ आणि ८८."

"सदतीस?"

"हो."

"सदतीस म्हणजे..." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. "कागद दाखव."

"कागद नाही. त्यांची नावं बदललीयत. जुनं आणि नवं एका कागदावर लिहायचं नाही असं मी त्यांना कबूल केलंय."

"मग अहवालात काय लिहू? वेनिंगच्या स्वप्नात तीन माणसं आली?"

मी जागची हलले नाही. ते जरा मऊ झाले. "हे बघ. चौदांनाही पाठवायचं तर चौदा फेऱ्या, प्रत्येकी सहा तास. अकरा वाया. त्या वेळात दुसरीकडे कुणी वाट बघत असेल तर? तू बघितली नाहीस ती बाई. मी बघितली. सरपंचाच्या सहीचा कागद आण, दोन्ही नावांचा. मग पुढच्या वर्षी कार्ड सुधारू."

"काल बू पार्तिनाह..."

"काल मी रजेवर होतो," ते म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. त्यांना घाई असावी. ३७ क्रमांक १४ मार्चच्या फेरीतला आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. त्यांना आनंद झाला असता.

१८ ऑक्टोबर, बुधवार

बापाकना सगळं वाचून दाखवलं, खाडाखोडीसकट. या रूढीला ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"तुझंही बदललंय," ते म्हणाले.

"काय?"

"नाव. दोन वर्षांची होतीस. सात दिवस ताप उतरेना. तुझ्या आईने ऐकलं नाही, खीर केली, मळ्यावर वाटली. मी पातेलं धरलं."

"आधी काय नाव होतं?"

बापाकनी चहाचा पेला उचलला, बशी उचलली, दोन्ही मोरीत नेऊन धुतले. परत आले तेव्हा त्यांनी उद्याच्या भाजीचं विचारलं. मी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी वातुगेदेला गेले. बू सुमिराहला विचारलं की डॉक्टरांना पुरावा कसा देऊ.

"कागद नाही," ती म्हणाली.

"कागद नाही."

"त्यांना डोळे आहेत ना? उद्या पोन, बाजाराचा दिवस. आम्ही पहाटेपासून बसतो. टोफू कुणीही घ्यावा, गिऱ्हाईकाला आम्ही नाव विचारत नाही. त्यांनीही विचारू नये."

पाक वालुयो कढईवरून म्हणाले, "पैसे नाही घेणार त्यांच्याकडून."

"आधी येऊ तर द्या," ती म्हणाली.

तिथूनच डॉक्टरांना फोन केला. या वेळी १४ मार्च सांगितला, घाट सांगितला, आणि 'हळू' हा शब्द सांगितला. मग ते म्हणाले, "किती वाजता असतो बाजार?" येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

उद्या, गुरुवार, १९ ऑक्टोबर, सकाळी साडेपाचला मी स्कूटर घेऊन त्यांच्या दारात उभी राहीन. सहापर्यंत थांबेन. ते आले नाहीत, किंवा येऊनही कार्ड तसंच ठेवायचं म्हणाले, तर शुक्रवारी, २० ऑक्टोबरला, सकाळी आठच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी सांगेन: दहा गेले, एक माहीत नाही, तिघे जिवंत, आणि तिघांनाही पाठवलं होतं. बू तुतिक प्रयोगशाळेची पाच मिनिटं मला देणार आहेत. दिवस ठरला नव्हता असं मला नंतर लिहिता येऊ नये, म्हणून तारीख इथं घातली आहे: शुक्रवार, २० ऑक्टोबर.